साळवेबाई आणि दुमडलेले कान

गेल्या महिन्यात एका बारशाला गेले होते. पाळण्याभोवती नव्हती एवढी गर्दी कोपऱ्यातल्या सोफ्याभोवती होती, कारण यजमानांच्या भाच्याने मोबाईलवर आपल्या नव्या मांजरीचे फोटो उघडले होते. गोल तोंड, तांबूस डोळे, मखमली आखूड केस आणि टोपी पुढे ओढल्यासारखे दुमडलेले कान. सगळ्या बायका एका सुरात 'किती गोड, किती गोड' करत होत्या. मी त्या मुलाला विचारलं, हिची शेपटी वाकते का? तो माझ्याकडे बघत राहिला. मग सगळेच बघायला लागले. नवऱ्याने मला कोपराने ढोसलं आणि घरी येताना म्हणाला, तू आज अगदी साळवेबाईंसारखी बोललीस. त्याने टोमणा मारला होता. मला मात्र बरं वाटलं.

साळवेबाई म्हणजे रत्नमाला साळवे. नगरजवळच्या नागापूरच्या एमआयडीसीत मोटारीला लागणारे लहानसहान सुटे भाग करणारा आमचा कारखाना, आणि तयार माल तपासायच्या विभागाच्या त्या प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली लागले त्या दिवशीच एकीने कानात सांगितलं होतं, बाईंसमोर 'चालून जाईल' म्हणू नकोस. मी दुपारीच म्हटलं. पुढे काय झालं ते लिहिण्यासारखं नाही, पण ते दोन शब्द मी नंतर कुठल्याच बाबतीत वापरले नाहीत, अगदी नवऱ्याच्या बाबतीतही नाही.

उंची बेताची, अंबाडा घट्ट, चष्मा दोरीला बांधून गळ्यात. एरवी त्या आमच्यासारखंच बोलायच्या, पण राग चढला की बोली थेट माहेरची, पारनेर तालुक्याची व्हायची. बाईंच्या तोंडून 'न्हाई' ऐकू आलं की मशीनवरची माणसं मान खाली घालायची. आणि तो राग कशावरही यायचा: अर्धवट बंद केलेल्या नळावर, 'बघू' म्हणणाऱ्या साहेबावर, भाषण लांबवणाऱ्या पाहुण्यावर. लोक त्यांना तापट म्हणायचे. माझं मत वेगळं आहे. जे चुकीचं दिसतंय त्यावर गप्प बसायची सवय आपल्या सगळ्यांना लागते, ती त्यांना लागली नव्हती, एवढंच.

त्यांचा भरवसा बोटांवर होता. माल नुसता बघून पुढे सरकवला की म्हणायच्या, "हात लावून बघितलंस का?" अंगठा कडेवरून फिरवल्याशिवाय त्यांच्यापुढून एकही नग जायचा नाही. कारखान्याबाहेरही तेच. हॉटेलात कपाच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि टवका लागला की चहा परत. माझं लग्न ठरलं तेव्हा सासरचं घर बघायला आमच्याबरोबर आल्या, जिन्याचा कठडा हलवून बघितला आणि माझ्या होणाऱ्या सासूबाईंना तोंडावर सांगितलं की हा आधी नीट करा, मग मुलगी पाठवू. सासूबाई आजही ते विसरलेल्या नाहीत. कठडा मात्र लग्नाआधी नीट झाला.

एकदा दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर जायची होती. बाईंना एकामागून एक नगावर त्याच जागी केसाएवढी धार लागली. साहेब म्हणाले, खराब नग बाजूला काढा, बाकीचे भरा. बाईंनी सांगितलं की खराब नग असा वेगळा नाहीच, सगळ्यांवर एकाच जागी खूण आहे, म्हणजे डायलाच, साच्यालाच चीर गेलीय. प्रेस बंद करून डाय उतरवा. साहेब अद्वातद्वा बोलले, बायकांना यातलं काय कळतं इथपासून अजून बरंच. बाई उठल्या आणि प्रेससमोर जाऊन उभ्या राहिल्या. ऑपरेटरची बटण दाबायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी डाय उतरवला, तर चीर निघाली. साहेबांनी वरच्या साहेबांना कळवलं की दोष 'आपल्या टीमने' शोधला. दुसऱ्या दिवशी बाई केबिनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, आभार नकोत, पण काल जे शब्द बोललात ते परत घ्या. त्यांनी घेतले नाहीत. बाई निवृत्त होईपर्यंत त्या माणसाला 'नमस्कार' म्हणाल्या नाहीत.

त्या सावेडीत आमच्याच कॉलनीत राहायच्या, दोन गल्ल्या सोडून. यजमान साळवेकाका एका शाळेत क्लार्क होते, स्वभावाने इतके मऊ की बाईंचा सगळा आवाज त्यांच्यात विरून जायचा. काका रोज सकाळी वंदना म्हणायचे, रविवारी विहारात जायचे. प्रशांत हा एकुलता मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. कंपनीने त्याला जर्मनीला पाठवलं तेव्हा तो आणि सून एका पिंजऱ्यात कोको नावाची मांजर घेऊन नगरला आले. आई, ही शांत आहे, काही त्रास देणार नाही, म्हणाले, आणि चौथ्या दिवशी विमानात बसले.

कोको स्कॉटिश फोल्ड जातीची होती, दुमडलेल्या कानांची. हे नाव आम्हाला कोकोमुळेच कळलं. बाईंच्या माहेरी मांजरं होती, पण ती उंदरांसाठी आणि आपापल्या मर्जीने आलेली. विकत घेतलेलं मांजर बाईंनी पहिल्यांदाच बघितलं. पहिल्या दिवशी त्यांनी कोकोचे कान दोन बोटांत धरून सरळ करून बघितले. त्यांना वाटलं, प्रवासात कशाखाली तरी दाबले गेलेत. प्रशांत हसायला लागला. अगं, याच कानांसाठी घेतात हिला, सरळ कानाच्या पिल्लाला कुणी विचारत नाही. बाई म्हणाल्या, म्हणजे वाकड्या नगाला जास्त मागणी? आम्ही सगळे हसलो.

बरोबर कागदही आले होते. आई, बाप, आजे, पणजे, सगळ्यांची नावं, जन्म, रंग. बाईंनी ते चष्मा लावून वाचले. "आमाला आज्याच्या पलीकडचं नाव ठाऊक न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् हिच्या पिढ्या छापून आल्यात." कागद घडी घालून कपाटात टाकले. कॉलनीतली माणसं यायची आणि आवर्जून विचारायची, कोणत्या जातीची आहे हो? अस्सल आहे ना? या माणसांनी बाईंना त्यांच्याबद्दल तोंडावर कधी विचारलं नव्हतं. मागे किती जणांनी विचारलं ते मला माहीत आहे, कारण मलाच विचारलं होतं. बाई उत्तर द्यायच्या, मांजर आहे, आणि दार लावून घ्यायच्या.

पण कोकोवर त्यांचा जीव जडला. ती आवाज फार करत नसे, बारीकसं काहीतरी घशात म्हणायची, आणि बाई ज्या खोलीत असतील तिथे जाऊन बसायची. स्वयंपाकघरात गेल्या की ओट्याखाली, टीव्हीपुढे बसल्या की पायाशी. तिचे केस इतके दाट की बोट आत रुतायचं. बाई तिला कोको म्हणत नसत, 'ए बये' म्हणायच्या, आणि तेही अशा आवाजात की मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वळून बघितलं, दुसरं कोण आलं म्हणून. आम्ही इतकी वर्षं हाताखाली काम केलं, आमच्या वाट्याला तो आवाज कधी आला नव्हता. मला चक्क हेवा वाटला.

आणि ती बसायची कशी, ते सांगायला हवं. मांजर बसतं तशी नाही. ढुंगणावर ताठ बसायची, मागचे दोन्ही पाय माणसासारखे समोर पसरून, पुढचे पंजे पोटावर ठेवून, डोळे अर्धवट मिटून. तिची जागा होती हॉलमधल्या बुद्धांच्या तसबिरीखाली, कारण तिथली फरशी गार असायची. साळवेकाकांनी एका सकाळी वंदना संपवून डोळे उघडले तर समोर ही. काका हरखून गेले. अगं बघ, ध्यानाला बसलीय. त्यांनी फोटो काढला, तो विहाराच्या ग्रुपवर गेला, तिथून कुठे कुठे गेला. रविवारी बायका बघायला येऊ लागल्या. कुणी फूल आणलं, कुणी हात जोडले. बुद्धपौर्णिमेला तर खीर घ्यायला आलेला प्रत्येक जण आधी कोकोचा फोटो घेऊन मग वाटी उचलत होता. बाई सुरुवातीला कुरकुरल्या, पण मनातून सुखावल्या होत्या. आपल्या घरी येऊन माणसं हसून बोलतात, हा अनुभव त्यांना तसा नवाच होता.

वर्षभराची झाली तसं कोकोने पलंगावर उडी मारणं सोडलं. खाली उभी राहून वर बघायची आणि मग तिथेच बसायची. काका म्हणाले, शिस्तीची आहे, बोलावल्याशिवाय येत नाही. मीही तसंच म्हटलं. मी त्या दिवशी तिथे होते. बाईंनी कोकोला मांडीवर घेतलं आणि नग तपासायच्या तशा पाठीवरून अंगठा फिरवत गेल्या. शेपटीच्या मुळाशी थांबल्या. पुन्हा मानेपासून सुरुवात केली. मग माझा हात ओढून तिथे ठेवला. मांजराची शेपटी कशी, सुतळीसारखी हवी. ही मुळाशी जाड आणि काठीसारखी ताठ होती. मागच्या पंजांच्या वर गाठी लागत होत्या. बाईंनी तिथे जरा दाबलं तर कोकोने हात काढून घ्यावा तसा पाय काढून घेतला. ओरडली मात्र नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. तरुण डॉक्टर होते, भले होते. त्यांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली. जिथे हाडं सुटी सुटी दिसायला हवीत तिथे ती एकमेकांना चिकटत चालली होती. ते म्हणाले, कान दुमडतात ते आतलं मऊ हाड, कूर्चा म्हणतात ते, कच्चं असतं म्हणून, आणि ते फक्त कानात कच्चं नसतं, सगळ्या अंगात असतं. कमीजास्त प्रमाणात या सगळ्याच मांजरांना होतं. हिला लवकर झालंय आणि जास्त झालंय. बरं होणार नाही, दुखणं कमी करायचं औषध देता येईल. बाईंनी तिच्या बसण्याबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पायांवर भार नको म्हणून ती तशी बसते. दुखतं तिला."

बाईंनी फिल्म स्वतःच्या हातात घेतली. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं? हो, शिकवतात आम्हाला. "मंग भाईर बोर्ड का न्हाई लावला?" त्या म्हणाल्या. "दुखल्यावर सांगताय. घ्यायच्या आधी सांगाया काय झालं तुमाला?" लोक आमच्याकडे घेतल्यावरच येतात, असं काहीतरी डॉक्टर पुटपुटले. ते खरंही होतं. पण बाईंचा राग खऱ्याखोट्याचा हिशेब करून येत नसे, आणि मला विचाराल तर त्या दिवशी तो बरोबर जागी आला होता.

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे बायका आल्या. एकीने सोबत बहीण आणली होती, श्रीरामपूरहून आलेली, खास बघायला. ती चपला काढून हॉलमध्ये आली, कोकोसमोर बसली आणि मोबाईल काढला. बाईंनी तो मोबाईल हाताने खाली केला.

"ती ध्यानाला बसल्याली न्हाई," त्या म्हणाल्या. "तिचे पाय दुखत्यात. रोज सकाळी आपण म्हंतो, दुःख हाय, दुःख ओळखा. ते समोर येऊन बसलं हुतं, अन् आपण फोटू काढले."

पाहुण्या बाईला बिचारीला काय चुकलं तेच कळेना. काका तसबिरीकडे पाठ करून उभे होते. मला तेव्हा बाईंचा राग आला, इतकं कशाला बोलायचं म्हणून. आज वाटतं, बोलल्या ते थोडंच होतं. बायका चहा न घेता गेल्या आणि नंतर यायच्या थांबल्या.

खरा घोळ पुढेच होता. प्रशांतने कोको ज्यांच्याकडून घेतली त्या पुण्याच्या बाई घरीच पिल्लं काढून द्यायच्या, आणि घेताना त्याने कबूल केलं होतं की मोठी झाली की कोकोला त्यांच्या बोक्याकडे पाठवायचं. पहिल्या वेळची पिल्लं त्यांची. बाईंनी व्हिडिओ कॉलवर त्याला एक्स-रेचं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण म्हणाला, आई, मी शब्द दिलाय त्यांना.

"तू दिलास," बाई म्हणाल्या. "तिनं न्हाई दिला."

तो म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीचा कारखाना करतेस, मांजर आहे ते. बाईंनी फोन बंद केला. त्याच आठवड्यात कोकोचं ऑपरेशन करून घेतलं, पुन्हा कधी पिल्लं होणार नाहीत असं. प्रशांतला तसा निरोपही पाठवला. चोरून काही करायचं त्यांना जमत नसे.

प्रशांतला पुण्याच्या बाईंना ते सांगायचा धीर झाला नसावा, कारण पुढच्या महिन्यात त्या गाडी घेऊन दारात. मी बाईंनी बोलावलं म्हणून गेले होते. पुण्याच्या बाई नीटनेटक्या, गोड बोलणाऱ्या, कोकोला बघून खरोखर आनंद झालेल्या. बाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, राग कितीही असो, पाहुण्याला चहा चुकत नसे. मग कोकोला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, शेपटीच्या मुळाशी हात लावून बघा. त्या म्हणाल्या, काहींची असते अशी. तुमच्या बोक्याची? बाईंनी विचारलं. त्या कोकोचे कान कुरवाळायला लागल्या. हिच्या आईबापाचे, दोघांचेही कान दुमडलेले होते का? बाईंनी पुढे विचारलं. हो, त्या उत्साहाने म्हणाल्या, म्हणजे मग पिल्लं जवळजवळ सगळी तशीच येतात, सरळ कानांची निघून वाया जात नाहीत.

डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं होतं, दोघंही तसे असले की पिल्लांचे हाल सगळ्यात जास्त. आणि ही बाई ते मालाच्या गुणासारखं सांगत होती.

"साच्यालाच चीर गेलीया," बाई म्हणाल्या, "अन् तुमी माल काढताय."

त्यांना ते कळलं नाही. मग बाईंनी ऑपरेशनचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, गोडवा गेला. चांगल्या वंशाचं तुम्ही नुकसान केलंत, म्हणाल्या, तुमच्या मुलाशी बोलते मी. बाई म्हणाल्या, व्हय, केलं, मुद्दाम केलं. आणि त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.

प्रशांत त्यानंतर आईशी बोलेनासा झाला. मित्रमंडळीत त्याची मान खाली गेली म्हणे. फोन करायचा तो काकांना. काका स्पीकर लावायचे, आणि बाई शेजारी बसून भाजी निवडत ऐकायच्या, एक शब्द न बोलता. मी एकदा म्हटलं, तुम्हीच बोला की, तुमचाच मुलगा आहे. त्या म्हणाल्या, बोलेन की, त्याने विचारू दे, बयेचे पाय कसे आहेत म्हणून. त्याने विचारलं नाही. मला आजही त्या मुलाचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही. काकांनी पलंगाशी तीन पाट एकावर एक रचून पायऱ्या केल्या. कोको त्यावरून हळूहळू चढायची आणि बाईंच्या उशाशी झोपायची.

बाई मागच्या थंडीत गेल्या, हृदयविकाराने, दुपारी जेवताजेवता. प्रशांत आला, खूप रडला. कोको आता काकांकडे असते.

मी बाईंना शेवटचं घराबाहेर बघितलं ते त्याआधी काही दिवस. पाइपलाइन रोडच्या एका मंगल कार्यालयात कुत्र्यामांजरांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि बाईंना कळलं होतं की पुण्याच्या त्या बाईंनी तिथे त्याच बोक्याची नवी पिल्लं आणलीत. मला गाडीवर मागे घे म्हणाल्या. मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. आत शिरल्यावर त्यांनी फिल्म काढली आणि त्या पिल्लांच्या टेबलासमोर, मांडवाच्या ट्यूबलाइटच्या उजेडाला धरून उभ्या राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायच्या, बघून जा. लोक वळसा घालून जायचे. पुण्याच्या बाईंनी कुणाला तरी खूण केली, दोन मुलं आली आणि नम्रपणे म्हणाली, आजी, इथे नका थांबू. मी भांडायला लागले तर बाईंनीच मला गप्प केलं. त्या बाहेर आल्या आणि फाटकाबाहेर, लावलेल्या गाड्यांच्या मध्ये, फिल्म उन्हाला धरून पुन्हा उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बाई, द्या इकडे, मी धरते. दिली नाही.

एक तरुण जोडपं बाहेर आलं. मुलीच्या हातात नवाकोरा पिंजरा, आणि जाळीतून दिसत होते दुमडलेले दोन कान. ती आमच्यासमोरून पुढे गेली आणि परत आली. चेहरा चांगला होता तिचा.

"आजी, तुमच्या पायाचा एक्स-रे आहे का?" तिने विचारलं. "फार दुखतंय का? रिक्षा थांबवू?"

मला वाटलं, आता बाई भडकणार. त्यांनी पिंजऱ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "लई दुखतंय. जन्मापासनं."

आणि फिल्म तिच्या हातात दिली. मुलीने पिंजरा खाली ठेवला आणि ती फिल्म उन्हाला धरली.